शाळेचा संघ कशासाठीं?



माध्यमिक शाळेंत खेळाचा संघ असतो तो नेमका कशासाठीं, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. शाळेला मैदान असावें, मैदानावर एखादा संघ असावा, त्या संघानें वर्षाकांठीं एकदोन चषक आणावे आणि स्नेहसंमेलनांत त्यांचें कौतुक व्हावें, एवढ्यावर आपलें समाधान होतें. परंतु चारपांचशें मुलांच्या शाळेंत संघांत खेळणारीं मुलें दहापंधरा, आणि बाकीचीं कडेला उभीं राहून टाळ्या वाजविणारीं, असा हिशेब मांडला म्हणजे प्रश्न सोपा राहत नाहीं. हा संघ त्या पंधरांचा आहे, कपाटांतील चषकांचा आहे, कीं टाळ्या वाजविणाऱ्यांचाहि आहे? आज या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि उदाहरणासाठीं मीं मुद्दाम असा एक खेळ निवडला आहे कीं, ज्याच्याविषयीं आपल्या घरांतून अजून फारसें ममत्वहि नाहीं आणि पूर्वग्रहहि नाहीं. तो खेळ म्हणजे सॉफ्टबॉल.

या खेळाचा जन्म १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत झाला. एका नौकाविहार मंडळाच्या इमारतींत जमलेल्या तरुणांनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीनें आवळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून हातीं घेतला, आणि घरांत खेळावयाचा बेसबॉल म्हणून हा खेळ सुरू झाला. पुढें तो घराबाहेर आला, तरी त्याचें अंगण लहानच राहिलें. बेसबॉलमध्यें एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर, तर सॉफ्टबॉलमध्यें ६० फुटांवर. चेंडू मोठा, आणि तो खांद्यावरून न फेंकतां हात खालून आणून टाकावयाचा. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू, सात डाव, आणि प्रत्येक डावांत तिघे बाद होईपर्यंत फलंदाजी. १९९६ पासून २००८ पर्यंतच्या ऑलिंपिक सामन्यांत महिलांचा सॉफ्टबॉल होता. २०२१ सालीं टोकियो येथें तो पुन्हां आला, आणि २००८ प्रमाणें त्याहि वेळीं जपानच्या मुलींनीं अमेरिकेला हरविलें. महाराष्ट्रांतील शालेय स्पर्धांच्या यादींतहि हा खेळ आहे. लहान जागेंत मावणारा आणि मुलामुलींना सारखाच खेळतां येणारा असा हा खेळ असल्यामुळें शहरांतील शाळांना तो सोयीचा आहे. परंतु सोय ही वेगळी आणि ध्येय वेगळें. ध्येयाचा विचार करावयाचा तर आपल्याला शिकागोहून कोल्हापुरास परत यावें लागेल.

कोल्हापूरकरांना व्यायामाचें महत्त्व नव्यानें पटवून देण्याचें कारण नाहीं. या शहरांत पेठेपेठेंतून तालमी उभ्या राहिल्या, आणि येथील फुटबॉलचे संघसुद्धां ‘तालीम मंडळ’ हेंच नांव अभिमानानें मिरवितात. श्रीशाहूछत्रपतींनीं मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान सिद्ध केलें, हें सर्वांना ठाऊक आहे. पण याच राजानें १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उघडलीं आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, ही गोष्ट त्या मैदानाशेजारीं ठेवून पाहिली पाहिजे. शरीर एका राजाचें आणि बुद्धि दुसऱ्या राजाची, अशी वांटणी त्या कारकीर्दींत नव्हती. आखाडा आणि शाळा ही एकाच विचाराचीं दोन अंगें होतीं.

आतां खासबागेचें मैदान आणि पेठेंतील तालीम यांत एक मोठा भेद आहे, आणि आजच्या माझ्या सांगण्याचें सार त्या भेदांतच आहे. मैदान हें निकालासाठीं असतें. तेथें दोघे उतरतात, एकाची पाठ लागते, दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा चढतो, आणि हजारों माणसें तें पाहून घरीं जातात. तालीम ही निकालासाठीं नसते. तेथें पहांटे जो येईल त्याला जागा असते. नव्यानें आलेल्या मुलाला वस्ताद प्रथम माती उकरावयास सांगतो, जोरबैठका काढावयास लावतो. वडील पैलवान धाकट्याला अंगावर घेऊन डाव शिकवितो. तालमींत घुमलेल्या शंभर मुलांपैकीं मैदान मारणारे दोनचारच निघतात. परंतु उरलेल्यांचे श्रम वायां गेले असें कोणी म्हणत नाहीं. त्यांचें शरीर सुधारलें, त्यांना वेळेचा व पथ्याचा धडा मिळाला, आणि आपल्याहून बलवान् माणसासमोर न भितां उभें राहण्याची संवय लागली. तालीम ज्या दिवशीं या शंभरांना विसरेल त्या दिवशीं मैदानाला मल्लहि मिळणार नाहींत.

शाळेनें मैदान व्हावें कीं तालीम व्हावें, असा हा प्रश्न आहे. माझें उत्तर स्पष्ट आहे: शाळा ही तालीम असावी.

यावर कोणी म्हणेल कीं, विजयाची ईर्ष्या नसेल तर खेळांत राम काय? हा आक्षेप खरा आहे. ईर्ष्येशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय जेवण. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकले, पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आले, १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले, आणि तेवढ्यावर न थांबतां १९५२ सालीं हेलसिंकीहून त्यांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या त्या प्रवासासाठीं त्यांच्या प्राचार्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. विद्यार्थ्याच्या गुणावर गुरूचा एवढा विश्वास असावा, याहून शाळेला किंवा कॉलेजाला दुसरें भूषण कोणतें?

पण हीच गोष्ट पुढें चालवून पाहा. खाशाबांच्या नंतर महाराष्ट्रांतील खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालें तें २०२४ सालीं, पॅरिस येथें. आणि तें मिळविणारे नेमबाज स्वप्नील कुसाळे हेहि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच, राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे. मध्यंतरीं बहात्तर वर्षें गेलीं. या बहात्तर वर्षांत महाराष्ट्रांतील शाळांच्या मैदानांवर किती मुलें धावलीं असतील, याची गणती कोण करणार? पदक हेंच जर शालेय खेळाचें ध्येय मानलें, तर या सर्व मुलांचें खेळणें फुकट गेलें असें म्हणावें लागेल. जें ध्येय लाखांतील एकालाच गांठतां येतें तें त्या एकाचें ध्येय असूं शकेल. शाळेचें ध्येय तें असूं शकत नाहीं.

मग शाळेनें संघाकडून काय मागावें? सॉफ्टबॉलच्या खेळांतूनच याचीं उत्तरें सांपडतात.

पहिली गोष्ट, पाळी. या खेळांत फलंदाजीचा क्रम आधीं लिहून द्यावा लागतो, आणि त्या क्रमानेंच प्रत्येकाला बॅट हातीं घ्यावी लागते. सामना अटीतटीला आला म्हणून चांगल्या फलंदाजाला पुन्हां पुढें करतां येत नाहीं. पाळी कच्च्या खेळाडूची असेल, तर साऱ्या संघाचें भवितव्य त्याच्याच हातीं असतें. म्हणून शहाणा शिक्षक आपला वेळ उत्तम खेळाडूवर खर्च करीत नाहीं. कच्च्यावर अधिक करतो. शिवाय आरंभीं खेळणाऱ्या खेळाडूला एकदां बाहेर काढून त्याच्याच जागीं पुन्हां एकदां आंत घेण्याची मुभा या खेळांत आहे. म्हणजे बांकावरच्या मुलीला संधि द्यावी, ही केवळ दयेची गोष्ट नसून नियमानेंच त्याची वाट मोकळी ठेविली आहे.

दुसरी गोष्ट, अपयश. दहा वेळांपैकीं तीन वेळां चेंडू नीट टोलवून बेस गांठणारा फलंदाज या खेळांत चांगला समजला जातो. सात वेळां हात हलवीत परत यावें लागतें, आणि तरीहि आठव्या वेळीं ताठ मानेनें उभें राहावें लागतें. आपल्या शिक्षणपद्धतींत चुकीला लाल रेघेखेरीज दुसरें स्थान नाहीं. पस्तिसांच्या आंत गुण मिळाले म्हणजे सगळें संपलें, असें वाटणाऱ्या मुलाला हा धडा पुस्तकांतून मिळणार नाहीं. तो धुळींतच मिळावयाचा.

तिसरी गोष्ट, त्याग. या खेळांत असा एक फटका आहे कीं, त्यांत फलंदाज चेंडूला बॅटचा नुसता स्पर्श करून तो जवळच पाडतो. तो स्वतः बहुधा बाद होतो. पण तेवढ्या अवकाशांत बेसवर उभा असलेला त्याचा सोबती एक पाऊल घराकडे सरकतो. गुणलेखक या खेळीची नोंद त्याग म्हणून करतो, आणि फलंदाजाच्या सरासरींत ती अपयश म्हणून धरीत नाहीं. दुसऱ्यासाठीं आपण बाद व्हावें, आणि तें हिशेबाच्या वहींत सन्मानानें लिहिलें जावें, याहून चांगला नागरिकशास्त्राचा पाठ मला ठाऊक नाहीं.

चौथी गोष्ट मुलींची. येथें मात्र आपल्या तालमीची परंपरा अपुरी पडते, हें मोकळेपणीं मान्य केलें पाहिजे. कारण तिचें दार मुलींना फार काळ बंद होतें. संधि मिळाली म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें याच शहरांत आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें नेमबाजींत विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकलें. परंतु पुन्हां तोच मुद्दा येतो: विजेत्यांकडे पाहून बाकीच्यांना विसरूं नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनीं दररोज सरासरी ६० मिनिटें घाम येईल असे श्रम केले पाहिजेत. त्याच संघटनेच्या पाहणीप्रमाणें २०१६ सालीं जगांतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७८ आणि मुलींपैकीं शेंकडा ८५ तेवढे श्रम करीत नव्हत्या. अमेरिकेंत १९७२ सालीं शिक्षणांत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास कायद्यानें बंदी झाली. त्यापूर्वीं तेथील हायस्कुलांच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनहि कमी होत्या; आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. मुलींना खेळाची आवड नसते, हें म्हणणें किती खोटें होतें तें या आंकड्यांवरून दिसतें. आवड होती; अंगण नव्हतें.

आतां पालकांच्या शंकेकडे वळूं. ‘खेळून पोट भरतें काय?’ हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. त्याला उत्तर म्हणून कित्येक जण सांगतात कीं, खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठीं शेंकडा ५ जागा राखीव असतात. हें खरें आहे, आणि गरीब घरांतील गुणी मुलाला त्याचा आधार मोठा आहे. परंतु सर्व मुलांनीं खेळावें याचें कारण म्हणून हें उत्तर लंगडें आहे. गुणांसाठीं खेळणारा मुलगा गुण मिळतांच खेळ सोडतो. आणि गुण मिळण्याची आशा नसलेला आरंभच करीत नाहीं. मुलगी सहा वर्षें शाळेच्या मैदानावर खेळली, कोठेंहि निवडली गेली नाहीं, एकहि प्रमाणपत्र तिनें घरीं आणलें नाहीं. पण चाळिसाव्या वर्षीं ती सकाळीं उठून चालावयास जाते, दहा माणसांत आपलें म्हणणें मांडते, हरली तर रडत बसत नाहीं. शाळेचा संघ यशस्वी झाला तो येथें. त्याचा चषक कपाटांत ठेवतां येत नाहीं, एवढेंच.

म्हणून शाळांच्या चालकांना चार सूचना कराव्याशा वाटतात. शाळेचा संघ एक नसावा; वयाप्रमाणें व तयारीप्रमाणें तीनचार असावे, आणि जोड पाहून कुस्ती लावावी तसे त्यांचे सामने आपसांत लावावे. खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला उसना देऊं नये. तो परत मिळत नाहीं. पंचाशीं हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला, तो कितीहि गुणी असो, त्या दिवशीं बसवून ठेवावें. कारण आपल्या फुटबॉलच्या मैदानावर समर्थकांची ईर्ष्या कधीं कधीं हुल्लडींत कशी उतरते, तें आपण पाहतों, आणि ती संवय मोडावयाची तर ती शाळेंतच मोडली पाहिजे. चौथें म्हणजे, नववी-दहावींत मुली मैदानावरून नाहींशा होतात, तिकडे मुख्याध्यापकांनीं जातीनें लक्ष द्यावें. त्यांच्यासाठीं कपडे बदलण्याची स्वच्छ जागा, अंधार पडण्यापूर्वीं संपणारा सराव, आणि घरीं जाऊन आईवडिलांशीं बोलणारी एक शिक्षिका, एवढ्या तीन गोष्टींनीं पुष्कळ काम होतें.

आणि पालकांना एकच विनंति. मुलगा किंवा मुलगी सामन्याहून घरीं आली म्हणजे ‘जिंकलांत काय?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो. तो मागाहून विचारावा. आधीं विचारावें, ‘आज तुझी पाळी आली होती काय?’ या प्रश्नाला प्रत्येक मुलाला ‘हो’ म्हणतां येईल अशी शाळा आपण मागूं लागलों, म्हणजे शाळेचा संघ कशासाठीं, हें कोणाला भाषण करून सांगावें लागणार नाहीं.