घशाचे दुखणे आणि हृदयाचे रक्षण

मुलाचा घसा दुखू लागला की हळदीचे दूध आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हा घरोघरचा ठरलेला उपाय. पुष्कळदा तो पुरतोही. कारण घशाची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात व आठवडाभरात आपोआप बरी होतात. परंतु काही दुखण्यांच्या मुळाशी स्ट्रेप्टोकोकस नावाचा, मण्यांच्या माळेसारखा साखळीने राहणारा जीवाणू असतो. 5 ते 15 वर्षे वयाच्या मुलांना त्याची बाधा विशेषेकरून होते. दाटीवाटीच्या वस्तीत तो खोकल्या-शिंकण्यातून झपाट्याने पसरतो.

सर्दी, खोकला, बसलेला आवाज ही लक्षणे बहुधा विषाणूंची. याउलट एकाएकी ताप येणे, गिळताना वेदना होणे, लाल झालेल्या टॉन्सिलवर पांढुरके ठिपके दिसणे, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येणे आणि खोकला मात्र नसणे, ही लक्षणे जीवाणूकडे बोट दाखवितात. निश्चित निदान घशातील स्रावाच्या तपासणीनेच होते.

या दुखण्याचा खरा धोका घशाला नाही, हृदयाला आहे. उपचार न झाल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर जडतो. जीवाणूशी झुंजणारी प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. सुजलेले सांधे कालांतराने बरे होतात; हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र जन्मभर सोबत करू शकते.

यावरील औषध नवे नाही, महागही नाही. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे त्याच्या उत्पादनासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. हा जीवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो. गोळ्या दिल्यास त्या साधारणपणे 10 दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देणे ही मोठी चूक होय. तितकीच मोठी चूक म्हणजे प्रत्येक घसादुखीवर डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविके घेणे. विषाणूंवर त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

ज्या मुलाला संधिज्वर एकदा होऊन गेला आहे, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. त्यात खंड पडू देऊ नये.

वेळीच केलेली तपासणी आणि पुरता घेतलेला औषधोपचार, एवढ्या दक्षतेने एक कोवळे हृदय आयुष्यभराच्या व्याधीतून वाचू शकते.