वारा, घड्याळ आणि धावणारी पोरं

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा भन्नाट सुटतो. अशा दिवशी, फक्कीने आखलेल्या मैदानावर दहावीतला मुलगा शंभर मीटर पूर्वेकडे धावतो, घड्याळ 11.2 सेकंद दाखवतं आणि गावात पेढे वाटले जातात. आनंद खराच; पण त्या आकड्यात वाऱ्याचा वाटा किती?

पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. क्रमांक मात्र कायम राहतो, कारण वारा सगळ्यांनाच सारखा. 2008 साली अमेरिकेचा टायसन गे 9.68 सेकंदांत धावला, पण वारा 4.1 होता, विक्रम झाला नाही. ढोबळमानाने 2 मीटरचा वारा एक दशांश सेकंद वाचवतो. हातातलं घड्याळ त्याहून जास्त फसवतं. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर अंगठा दाबेपर्यंत वेळ निसटतो, म्हणून त्यात 0.24 सेकंद मिळवतात. म्हणजे 11.2 चे झाले 11.44, वारा वेगळाच.

माझ्या मते, मुलाची खरी कुवत समोरच्या वाऱ्यात दिसते. शेवटच्या वीस मीटरांत त्याचे खांदे ताठरतात का, ते बघा. वाऱ्यासारखंच वयही फसवतं: मिसरूड लवकर फुटलेला मुलगा चौदाव्या वर्षी पुढे असतो; उशिरा वाढणारे त्याला नंतर गाठू शकतात.

तेव्हा शिक्षकांनो, मैदानाकडेला काठीला रिबीन बांधा, वहीत वेळेशेजारी वाऱ्याची दिशा लिहा. आणि पालकहो, पुण्यातल्या बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक वेळ लागेपर्यंत एका आकड्यापायी मुलाचा अभ्यास बंद करू नका.