जुन्या काविळीआड दडलेला रोग



यकृताचा जुना विकार असलेल्या कामगाराचे डोळे पिवळे झाले की घरचे म्हणतात, 'जुनेच दुखणे उलटले.' दवाखान्यातही पुष्कळदा तेच म्हटले जाते. घात होतो तो इथे. जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडाला कर्करोग झाला आणि त्याची गाठ पित्तनलिका दाबू लागली, तरी कावीळच होते. इतरांच्या बाबतीत जी धोक्याची खूण ठरते, ती या रुग्णाच्या बाबतीत यकृताच्या खाती जमा होते. घटणाऱ्या वजनाचेही तेच.

सीए १९-९ या रक्ततपासणीवर विसंबावे, तर यकृत बिघडले वा पित्त तुंबले तरीही तिचा आकडा चढतो. यकृत निबर झालेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी असा वैद्यकाचा दंडक आहे (ती होते किती गरिबांची, हा प्रश्न निराळा!), पण तो यकृताच्या कर्करोगासाठी. पोटातील वायू आणि पाणी यांमुळे तीत स्वादुपिंड अनेकदा दिसतच नाही. न दिसलेले ते निर्दोष, असा समज मात्र रूढ होतो.

लक्षणे नसलेल्या सर्वांचीच तपासणी करावी, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळानेही २०१९ साली तिच्याविरुद्धच पुन्हा कौल दिला. परंतु पांढुरकी विष्ठा, पाठीत जाणारी कळ, उतारवयात एकाएकी जडलेला मधुमेह अशी नवी खूण दिसताच सीटी स्कॅन झाला पाहिजे, आणि तो सरकारी रुग्णालयात विनामूल्य, विनाविलंब झाला पाहिजे. गाठ शस्त्रक्रियेने काढता येते ती वेळीच सापडली तर, आणि दुबळ्या यकृताला ती शस्त्रक्रिया सोसवली तर. रुग्णाला घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे : सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसले काय?