फोर बाय फोर लागत नाही? आधी हे बघा

मी तळ्यातून बोलतोय. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दादा, जुनी स्कॉर्पिओ घेतली, फोर बाय फोरचा दिवा लागतो, पण चिखलात पुढची चाकं फिरतच नाहीत. गिअरबॉक्स उघडायचा का?"

थांबा! उघडायची घाई नको. २००२ साली स्कॉर्पिओ आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्यात. आपल्याकडे पावसाळाभर लाल चिखल, त्यात मांदाड खाडीकडची खारी हवा. इथे आधी वायर, कनेक्टर आणि रबरी नळ्या जातात. मोठा खर्च नंतरचा.

दिवा लागतच नसेल, तर फ्यूज, बॅटरी, स्विच आणि गाडीखालचे कनेक्टर बघा. बटणाची गाडी असेल, तर बटण फिरवल्यावर खालून मोटरचा आवाज येतो का, तो कान देऊन ऐका.

दिवा लागतो पण चाक ओढत नाही, तर हबवर संशय घ्या. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमने लॉक होतात. त्या बारीक नळीला चीर गेली की खेळ खलास. नळी स्वस्त असते, म्हणून ती पहिली तपासायची.

आता खरी परीक्षा. ही मेकॅनिकसोबत, सपाट जागेवरच करा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, फोर एच लावा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. गाडीखाली कोणी शिरायचं नाही.

चाक फिरलंच नाही, तर सगळं जोडलेलं आहे. चाक फिरलं, पण आतला ॲक्सल शाफ्ट स्थिर, तर त्याच बाजूचा हब लॉक झालेला नाही. ॲक्सल फिरतो पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट स्थिर, तर दुसऱ्या बाजूचा हब बघा. दोन्ही फिरतात, तर गडबड ट्रान्स्फर केसकडे. एवढं कळलं की गॅरेजवाल्याशी बोलताना तुम्ही आंधळे नसता.

दुसरी तक्रार, "लीव्हर अडकलाय." कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात, तर असं होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. अशा जुन्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो, म्हणून शाफ्टवर ताण साठतो. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तरी हाच त्रास.

ओढ्यातून गाडी काढली असेल, तर ट्रान्स्फर केसचं तेल बघा. दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं. बदलायला उशीर केलात, तर बेअरिंग जाणार.

आणि शेवटचं, सर्वात महत्त्वाचं. फोर एच आणि फोर एलच्या मध्ये लीव्हर अडकला, तर ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असू शकते. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनही चाकं मोकळीच! चढावर उतरायच्या आधी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. तळगडाच्या बाजूला चढउतार आहेतच, आणि खाली कुणाचं तरी अंगण असतं.

तुमची गाडी काय म्हणतेय ते कळवा. भेटू पुढच्या भागात!