गाठीतला गुलाबी रंग



चिखली-मेहकरच्या शिवारात वाढलेल्या मुलांना सोयाबीन काय सांगायचं! उपटलेल्या झाडाच्या मुळांवरच्या गाठी तुम्ही पाहिल्याच असतील. पुष्कळांना तो रोग वाटतो. पण 1888 साली बायजेरिंक या डच शास्त्रज्ञानं अशा गाठींतून जिवाणू वेगळे करून दाखवले. हवेतला नत्र ते पिकाला देतात.

मला नवल वाटतं ते त्यांच्या संयमाचं. नत्र बांधायची जनुकं या जिवाणूकडे असतातच, पण मातीत असताना तो ती बंद ठेवतो. कारण काम फार खर्चाचं आहे. नत्राचा एक रेणू फोडायला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे निदान 16 रेणू खर्ची पडतात, आणि ते करणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की निकामी होतं.

मग जनुकं उघडतात कशी? सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डाइडझीन अशी द्रव्यं मातीत सोडतं. जिवाणूतलं नॉड-डी हे प्रथिन ती ओळखतं आणि नॉड जनुकं चालू करतं. जिवाणू मग स्वतःचं रसायन सोडतो. त्यानं मूळरोम वळतो, जिवाणू आत शिरतो, गाठ धरते. तरी नत्राची जनुकं बंदच! फिक्स-एल नावाच्या प्रथिनात लोह असतं. त्याला प्राणवायू चिकटलेला असेपर्यंत ते गप्प राहतं. प्राणवायू विरळ झाला की ते फिक्स-जे या जोडीदार प्रथिनाला निरोप देतं. प्राणवायूला असंच बिचकणारं निफ-ए हे प्रथिन नत्राची जनुकं चालू करतं. केवढी ही सावधगिरी, आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची!

गाठीत प्राणवायू बेतानं पोचवतं ते लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच ते भावंड, म्हणून चांगली गाठ आतून गुलाबी असते.

पालकांनो, युरियाचा हात सैल सुटला की झाड गाठी कमी धरतं. बियाण्याला बुरशीनाशक आधी लावा, रायझोबियम म्हणजे या गाठींच्या जिवाणूंचं खत शेवटी. 10 किलोला 250 ग्रॅम, आणि सावलीत सुकवा.

मुलांनो, आता वावरात हरभरा उभा आहे. खुरप्यानं एक झाड मातीसकट काढा, गाठ चिरा, रंग वहीत लिहा. पांढरी निघाली तर बीजप्रक्रिया कोणत्या पाकिटानं केली ते घरी विचारा. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनचं पाकीट त्याला चालत नाही.