श्वास कोंडण्याची पैज

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला 'श्वास आणि ध्यान' हा विषय दिला होता. पण आपली पोरं पोहायला जातात तिथं पाण्याखाली दम कोंडून बसायच्या पैजा लावतात, असं कानावर आलं. म्हणून आम्ही विषय थोडा वळवला आहे. भन्तेजींनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात तथागतांपासूनच करू. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ज्यांनी वाचलाय त्यांना आठवेल, सिद्धार्थ गौतम मगध देशात श्वास पूर्ण रोखून चित्त एकाग्र करण्याची विद्या शिकले. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात तर ते स्वतःच सविस्तर सांगतात. तोंड आणि नाक बंद केलं, तेव्हा कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. मग कानही बंद केले. तेव्हा डोक्यात तलवारीचं टोक खुपसावं तशा वेदना, पोट सुरीनं कापल्यासारखं, अंगाची निखाऱ्यावर धरल्यासारखी आग. एवढं सोसून ज्ञान मिळालं का? नाही मिळालं. त्यांनी तो मार्ग सोडला. पुढे जी आनापानसती शिकवली तिच्यात श्वास अडवायचा नसतो. लांब आहे तर लांब, आखूड आहे तर आखूड, एवढं जाणायचं असतं. ध्यान म्हणजे दम कोंडणं असं समजणारे आपल्यातही आहेत, म्हणून हे सांगितलं.

आता पोरं म्हणतात, मोबाइलवर बघा, माणूस चोवीस मिनिटं पाण्यात राहतो. खरं आहे. क्रोएशियाच्या बुदिमिर शोबात यांनी २०२१ साली २४ मिनिटं ३७ सेकंद श्वास रोखला. पण त्याआधी त्यांनी शुद्ध प्राणवायू छातीत भरून घेतला होता, हे पोरं सांगत नाहीत. नुसत्या हवेवर फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूद यांनी २००९ साली ११ मिनिटं ३५ सेकंद काढली. तीही वर्षानुवर्षांच्या सरावानं, हालचाल न करता, आणि बाजूला माणसं लक्ष ठेवून असताना.

धोका नेमका कुठं आहे तो समजून घ्या. दम कोंडला की जीव कासावीस होतो. आपल्याला वाटतं प्राणवायू संपला म्हणून होतो. तसं नाही. मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याची ती सूचना असते. पैज जिंकायला पोरं आधी भराभर मोठे श्वास घेतात. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सूचनाच उशिरा येते. गिरणीवाल्यांना लगेच कळेल. ताण्याचा धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि साचा थांबतो. ती पत्तीच कुणी बांधून ठेवली तर? साचा चालत राहणार. इथंही तसंच. पोराला त्रास काहीच वाटत नाही, आणि प्राणवायू संपून एकाएकी शुद्ध जाते. कोरड्या जमिनीवर शुद्ध गेली तर शरीर बहुधा आपणहून श्वास सुरू करतं. पाण्यात तोच पहिला श्वास पाण्याचा असतो. त्यासाठी खोल समुद्र लागत नाही, छातीभर पाणी पुरतं.

खोल बुडी मारणाऱ्यांना आणखी एक फास आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, छातीतली हवा आकसून निम्मी होते. त्या दाबामुळे खाली असेपर्यंत प्राणवायू पुरतोय असं वाटतं. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत, उजेड दिसत असताना, माणूस बेशुद्ध होतो. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा या विद्येत जगात पहिल्या मानल्या जायच्या, नऊ मिनिटं श्वास रोखायच्या. २ ऑगस्ट २०१५ ला स्पेनच्या फोरमेंतेरा बेटाजवळ त्यांनी बुडी मारली, त्या वर आल्याच नाहीत. देहही सापडला नाही. त्या दिवशी स्पर्धा नव्हती की विक्रम नव्हता.

उलट कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बाया पाहा. म्हाताऱ्या झाल्या तरी पोटासाठी दहाएक मीटर खाली जाऊन शिंपले, शंख काढतात. मिनिटभरात वर. आणि जातात त्या घोळक्यानं. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या कामाची नोंद घेतली. आम्हाला त्या विक्रमवीरांपेक्षा थोर वाटतात, कष्टकरी आहेत म्हणूनही असेल.

यावरून पोरांना पाण्यात पाठवायचंच नाही असं कुणी घरी जाऊन ठरवू नये. आपल्या वाडवडलांना विहिरीला हात लावायची बंदी होती, त्यांना पोहायला कोण शिकवणार? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्यांची लेकरं पाण्याला घाबरून का राहतील? पोरांना शिकवा, पोरींनाही शिकवा. फक्त दम कोंडायची पैज नको, बुडीआधी धापा टाकल्यासारखे श्वास नकोत, आणि एकट्यानं पाण्यात जायचं नाही.

कुणी पाण्याखाली निपचित दिसला तर 'नाटक करतोय' म्हणत बघत बसू नका, ताबडतोब वर काढा. उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसण्यात वेळ जातो आणि अपाय होतो. श्वास बंद असेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा, दुसऱ्यानं १०८ ला फोन लावावा. मेंदूला चार-पाच मिनिटंच मिळतात. हे हातांनी करून बघावं लागतं, भाषणातून येत नाही. समितीनं एखाद्या रविवारी जाणकार माणूस बोलावून ते शिकवायची सोय करावी. सतरंजी घालण्यापासूनची कामं आमच्याकडे लागली.

जय भीम!