खुर्ची आणि कॅमेरा
(चेन्नई येथील भाषण)



याच चेन्नईत १९२३ साली सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला. त्याच शहरातील मोठ्या दुकानांत विक्रेत्या भगिनी दिवसभर उभ्या राहून काम करीत आल्या. तामिळनाडूने २०२१ साली दुकाने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. केरळने तो २०१८ मध्येच दिला होता.

आता दुकानांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे येत आहेत. गिऱ्हाईक किती आले, कोणत्या मालापुढे किती वेळ थांबले, हे यंत्र चित्रणावरून मोजते. विक्रेती किती मिनिटे बसली, हेही ते मोजू शकते. काय मोजायचे ते मालक ठरवतो. बसल्याची मिनिटे तिच्या नावावर मांडली जाऊ लागली, तर कायद्याने दिलेली खुर्ची रिकामीच राहील.

रेल्वे इंजिनातही कॅमेरे बसू लागले आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. आपला विरोध यंत्राला नाही. कॅमेरा काय मोजतो ते युनियनला आधी लेखी कळवा. नोंद कामगाराला दाखवा. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा करू नका. आणि बसणे मोजणाऱ्या यंत्राने उभे राहण्याचे तासही मोजावेत!